इन्शिराहच्या चौकशा

आमच्या जिन्यात कुणाकडे पाहुणा आला, तर तो कुठून आला, कशानं आला आणि पिशवीत काय घेऊन आला, हे त्यानं दार वाजवायच्या आधी इन्शिराहला ठाऊक असायचं. तिच्या मनात वाकडं काही नसे. तिला नुसतं कळायला हवं असायचं. चीज विकणाऱ्याला ती विचारायची, पांढऱ्या चीजला मीठ आधी घालतोस की नंतर? मीटर वाचायला येणाऱ्याला विचारायची, हे चाक उलटं फिरलं तर तुम्ही आम्हाला पैसे देता का? मी दुमियातच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, म्हणून अख्खी गल्ली मला अब्ला, म्हणजे बाई, म्हणते. अशी मुलगी वर्गात तीन-चार वर्षांतून एकदा निघते, आणि तिच्या प्रश्नांनी आपला घसा बसतो. इन्शिराह माझ्या समोरच्या दारात राहते, त्यामुळे निवृत्त झाले तरी माझा घसा बसायचा राहिला नाही.

पण एवढ्या चौकस बाईला एक गोष्ट लग्नाला एकोणीस वर्षं होऊनही माहीत नव्हती. तिचा नवरा किती कमावतो, ही.

तिचा नवरा उस्ता मुअती लाकडावर कोरीवकाम करणारा; उस्ता म्हणजे मुरलेला कारागीर. आमच्या गावात दर तिसऱ्या घरात सुतार आहे, पण मुअतीनं कोरलेला गुलाब लांबून ओळखू यायचा. कैरोचे शोरूमवाले त्याच्या हातच्या खुर्च्या वेगळ्या मागायचे. रोज सकाळी कामावर निघताना तो फ्रिजवर पालथ्या घातलेल्या काचेच्या ग्लासाखाली घरखर्चाचे पैसे ठेवायचा आणि निघून जायचा. कमी पडले आणि तिनं मागितले, तर आणखी द्यायचा. विचारलं, की म्हणायचा, "देणारा वर आहे." आमच्याकडच्या पुरुषांना असं वागण्यात मोठेपणा वाटतो. बायका गृहीत धरतात की नवरा निम्मे आपल्याकडे ठेवत असणार. इन्शिराहही धरायची.

दोन हिवाळ्यांपूर्वी ग्लासाखालच्या नोटा पातळ व्हायला लागल्या. लाकूड महागलं होतं. त्यात गावात कोरीवकामाची मशीनं आली. मुअतीच्या मालकानं सहापैकी चार कारागिरांना घरी बसवलं. मुअती जुना, म्हणून त्याला ठेवलं, पण आठवड्यातून तीनच दिवस. घरी त्यानं यातलं अक्षर सांगितलं नाही. तो सहाही दिवस नेहमीच्या वेळी निघायचा, नेहमीच्या वेळी परतायचा.

कारखान्याचं इन्शिराहला दुसऱ्या एका कारागिराच्या बायकोकडून कळलं. त्या सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि मी न सांगता चहा ठेवू लागली.

"अब्ला, येतं किती हे तो सांगणार नाही. मान खाली घालून बूट घालतो आणि पळतो. पण जातं कुठे, हे तर मला शोधता येईल?"

"एक वही घाल. रोजचा खर्च लिही."

"वहीत मी खोटं लिहीन. मी मला ओळखते." तिनं चहात साखर घालता घालता हात आखडता घेतला. "मी दुसरंच काहीतरी करणार आहे. आठवडाभर घरातला केर बाहेर टाकणार नाही."

मला वाटलं, गंमत करते आहे. पण तिनं खरंच बाल्कनीत तीन मोठ्या टोपल्या मांडल्या. ओला कचरा टाकायच्या आधी तो मुलींना दाखवायचा, आणि बाकी सगळं, पुडे, डबे, कागद, बाटल्या, टोपलीत. वरच्या मजल्यावरची उम्म ताहा रोज वाकून बघायची.

"काय गं, आता कचरासुद्धा साठवतेस? व्याज मिळतं का त्याच्यावर?"

"मिळालं तर पहिल्यांदा तुला सांगीन," इन्शिराह खालून म्हणायची.

शुक्रवारी नमाज झाल्यावर तिनं गच्चीवर प्लास्टिकची चटई अंथरली आणि टोपल्या रिकाम्या केल्या. मुअती, सतरा वर्षांची मनार, नऊ वर्षांची रुकय्या आणि सासूबाई हाज्जा नबविया, सगळ्यांना तिनं चटईभोवती बसवलं. मलाही बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून. खरं तर मी न बोलावताही गेले असते.

आधी चिप्सची पाकिटं निघाली. अकरा. रुकय्यानं ताबडतोब सांगून टाकलं की त्यातली दोन आजीनं खाल्ली.

"मी?" हाज्जा म्हणाल्या. "मला दात आहेत का?"

"चोखून खाल्ली," रुकय्या म्हणाली.

मग मनारची मोबाईल रिचार्जची कार्डं निघाली, एकाखाली एक लपवलेली. मग मुअतीची सिगारेटची पाकिटं. त्यांच्याकडे इन्शिराहनं नुसतं बघितलं, मोजली नाहीत. मुअतीनंच एक उचललं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "एवढी?" त्यानंतर तो दिवसाला चार सिगारेटींवर आला. पुरती सोडली असं मी म्हणणार नाही.

सगळ्यात मोठा ढीग भाकरीचा होता. रेशनकार्डावर माणशी पाच भाकरी मिळतात, पाच माणसांच्या रोज पंचवीस. इन्शिराह रोज पंचवीस आणायची. त्यातल्या दहा-बारा वाळून कडक व्हायच्या आणि ती त्या उम्म ताहाच्या बदकांना द्यायची.

"एवढ्या आणतेस कशाला?" मी विचारलं.

तिनं एक वाळकी भाकरी उलटी करून पाहिली. स्वतःच्याच उत्तराचं तिला नवल वाटलं असावं. "हक्काच्या आहेत म्हणून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती चौदाच भाकरी घेऊ लागली. न घेतलेल्या भाकऱ्यांचे कार्डावर गुण जमतात आणि महिनाअखेरीस त्यावर थोडी तेल-साखर मिळते, हे तिनं भाकरीवाल्याला आठ प्रश्न विचारून काढून घेतलं. उम्म ताहाची बदकं रोडावली आणि उम्म ताहाची थट्टाही.

पण त्या दिवशी खरी गोष्ट निघाली ती ढिगाच्या तळाशी. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या. सगळ्या हाज्जा नबवियांच्या. इन्शिराहनं त्या पत्त्यांसारख्या चटईवर लावल्या. मग वाकली. मग एक पट्टी उचलून डोळ्यांजवळ धरली, दुसरी उचलली.

"अब्ला, चष्मा द्या."

मी चष्मा दिला. एक पट्टी निळी, एक केशरी. वर ठळक अक्षरांतली नावं निरनिराळी, कंपन्या निरनिराळ्या. पण नावाखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत औषध लिहिलेलं असतं, ते दोन्हींवर एकच.

"हाज्जा, ही निळी कुणी दिली?"

"आपल्या डॉक्टरनं. प्रेशरची."

"आणि ही केशरी?"

हाज्जांनी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघितलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आपल्या डॉक्टरच्या हाताला गुण नाही असं त्यांना वाटत होतं, म्हणून सहा महिन्यांपूर्वी बहिणीबरोबर त्या गुपचूप दुसऱ्या एका डॉक्टरकडे गेल्या होत्या. पहिल्याला वाईट वाटू नये म्हणून त्याचीही गोळी चालू ठेवली. दुसऱ्याला पहिल्याचं सांगितलं नाही, त्यालाही वाईट वाटू नये म्हणून.

सहा महिने म्हाताऱ्या बाईला चक्कर येत होती. भिंत धरून चालायच्या. उम्म ताहानं दृष्ट काढून दिली होती. आम्ही सगळे वयाला दोष देत होतो.

इन्शिराह चटई तशीच टाकून दोन्ही पट्ट्या घेऊन नाक्यावरच्या औषधवाल्या मुलीकडे गेली. तिनं पट्ट्या पाहिल्या आणि म्हणाली, "मावशी, एकच गोळी आहे ही, दुप्पट होते आहे. पण मनानं बंद करू नका. आजच डॉक्टरांना दाखवा." डॉक्टरांनी दाब मोजला आणि केशरी गोळी बंद केली. तीन आठवड्यांनी हाज्जा नबविया भिंत न धरता जिना उतरल्या आणि बाजारात जाऊन स्वतः वांगी निवडून आणली. केशरी गोळी या घरातली सगळ्यात महागडी वस्तू होती, मांसापेक्षाही. औषधाच्या पैशांना कोण कधी प्रश्न विचारतो?

यानंतर पंधरा दिवस जिन्यातल्या बायका आपापल्या घरच्या पट्ट्या घेऊन इन्शिराहच्या दारात. तिला दुसरी जोडी सापडली नाही. तिला जरा वाईटच वाटलं.

आता एवढं झाल्यावर माणूस थांबला असता. पण जानेवारीत एका सकाळी ती पुन्हा माझ्याकडे आली, हात ओले, बाह्या वर.

"अब्ला, मुअतीच्या विजारीतून वाळू निघते."

"मग?"

"एकोणीस वर्षं त्याच्या कपड्यांतून भुसा निघतो आहे. कुठलं लाकूड कापलं, हे मला टबातल्या पाण्याच्या रंगावरून कळतं. गेले दोन महिने तीन दिवस भुसा आणि तीन दिवस वाळू. बारीक, पांढरी. समुद्राची."

दुमियातहून समुद्र म्हणजे रास अल-बर. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि हिवाळ्यात तिथे कुत्रंही फिरकत नाही. उम्म ताहाला हे कसं कळलं देव जाणे, पण ती जिन्यात म्हणालीच, "थंडीत समुद्रावर दोघंच जातात, एक कोळी आणि दुसरा नवा नवरदेव."

इन्शिराह हसली, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. "चला माझ्याबरोबर," ती मला म्हणाली. "एकटी गेले तर तिथे मी नीट बघणार नाही."

आम्ही मायक्रोबसनं गेलो. बंद बंगल्यांच्या रांगा, वाऱ्यानं वाळू रस्त्यावर आलेली. तिसऱ्या गल्लीत रंधा मारल्याचा आवाज ऐकू आला. एका बंगल्याचा दरवाजा बिजागरीवरून उतरवून दोन विटांवर आडवा ठेवला होता आणि उस्ता मुअती वाळूत गुडघे टेकून त्याची खालची कड तासत होता. बाजूला बंगल्यांचा राखणदार अम्म रिझ्क शेंगा खात बसला होता.

आम्हाला पाहताच मुअती उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, मग शरम. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. वांग्यांवरून भांडते आहे." इन्शिराह जवळ गेली. मला वाटलं, आता विचारेल, सांगितलं का नाहीस, लपवलंस का. तिनं दरवाजावर हात ठेवला. "हा फुगला कसा?"

"काय?"

"दरवाजा. फुगलाय ना? सगळीकडून का नाही फुगला, खालीच का?"

मुअती तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं उत्तर दिलं, कारण प्रश्न लाकडाचा होता. खालच्या कडेला रंग लावत नाहीत, ती दिसत नाही म्हणून. समुद्राची दमट हवा तिथूनच आत शिरते. लाकूड आडवं फुगतं, उभं फुगत नाही. बोलता बोलता त्याचा आवाज सैल झाला.

"कोरीवकाम करणारा माणूस दारं घासतो आहे," शेवटी तो म्हणाला. "गावात कळलं तर तोंड कुठे दाखवू?"

"वाळूत तोंड कुणाला दिसत नाही," अम्म रिझ्क शेंगा सोलत म्हणाला. "मी इथे वीस वर्षं आहे, मला कुणी ओळखत नाही."

आम्ही हसलो आणि मग बसलो. तिथेच, वाळूत, वाऱ्याकडे पाठ करून, मुअतीनं तिला आकडा सांगितला. चांगल्या दिवसांत आठवड्याला तीन हजार पौंड मिळायचे. आता कारखान्याचे आणि दारांचे मिळून बाराशे ते पंधराशे.

इन्शिराह मनाशी काहीतरी जुळवत होती. "तीन हजार?" ती म्हणाली. "आणि ग्लासाखाली तू ठेवायचास ते..."

"जवळजवळ सगळेच. सिगारेटचे सोडून."

ती एकोणीस वर्षं समजत होती की नवऱ्याकडे निम्मे शिल्लक असतात. म्हणून कधी दोनशे जास्त मागितले, कधी पाहुण्यांसाठी बदक आणलं, कधी पडदे बदलले. तो देत राहिला. कुठून देत होता हे तिनं विचारलं नाही, जगातलं बाकी सगळं विचारलं. परतताना मायक्रोबसमध्ये ती एक शब्द बोलली नाही, आणि माझ्या आठवणीत हे पहिल्यांदाच घडलं.

त्या आठवड्यापासून पैसे ग्लासाखाली जायचे बंद झाले. गुरुवारी ते जेवणाच्या ताटाभोवती मुलींसमोर ठेवले जाऊ लागले, आणि कुठे काय जाईल हे सगळे मिळून भांडून ठरवू लागले. मांस पंधरा दिवसांतून एकदा. मधल्या शुक्रवारी कोंबडीचे पंख आणि गळे, भाताबरोबर. मनारनं रिचार्ज निम्म्यावर आणलं आणि त्या बदल्यात घरातली इस्त्री नाकारली. इस्त्री आता मुअती करतो, सुताराच्या हातानं, कॉलर धारदार.

बंगल्यांचं कामही इन्शिराहनं सोडलं नाही. अम्म रिझ्कला तिनं एवढं विचारलं की तो कंटाळून म्हणाला, "बाई, तुझ्या नवऱ्याला वसंताच्या सणापूर्वी ही पूर्ण रांग देतो, पण तू पुन्हा येऊ नकोस." त्यानंतरही ती दोनदा गेली.

उन्हाळ्यात मात्र दारांचं काम संपलं. बंगल्यांत माणसं आली, वाळूत रंधा मारायला जागा उरली नाही. तेव्हा तिच्या डोक्यात मशीन शिरलं.

"तू बघितलं आहेस का ते कधी?" तिनं मुअतीला विचारलं.

"कशाला बघू? ज्यानं माझी भाकरी खाल्ली त्याचं तोंड?"

"मला बघायचं आहे, कसं खातं ते."

इंजिनिअर वाइल नावाच्या तिशीतल्या माणसानं औद्योगिक वसाहतीत दोन मशीनं लावली होती. इन्शिराह सरळ आत गेली. मुअती दारात उभा राहिला, एक पाय बाहेर. मी मधे. मशीनची सुई फळीवर फिरत होती आणि लाकडातून गुलाब वर येत होता, एकाच वेळी चार, चारही जुळे.

"एका गुलाबाला किती वेळ? वीज किती लागते? सुई कितीदा मोडते? मोडली तर कुठून आणता?" वाइल आधी हसून, मग मान खाजवून उत्तरं देत होता. शेवटी तिनं एक तयार गुलाब उचलला. "मग हा असा झोपलेला का दिसतो?"

वाइलनं मशीन थांबवलं. "तेच तर," तो म्हणाला. "शोरूमवाले परत पाठवतात. म्हणतात, यात जीव नाही."

मुअतीचा दुसरा पाय आत आला. त्यानं गुलाब हातात घेतला आणि पाकळ्यांमध्ये अंगठा घातला. "इथे गोल राहिलंय. सुई गोल फिरते ना, कोपऱ्यात तिचं टोक पोचत नाही. पाकळीची पाठही कापलेली नाही. पटाशी आहे का एखादी?"

पटाशी होती, बोथट. त्यानं ती दगडावर पाजली आणि पाकळ्यांच्या मुळाशी आठ-दहा चिरा दिल्या. वाइलनं मागवलेला चहा थंड होईपर्यंत गुलाब उमलला. वाइलनं तो खिडकीजवळ नेऊन सगळीकडून फिरवून पाहिला.

"उस्ता, आठवड्यातून किती दिवस येऊ शकाल?"

घरी येताना मुअती धुसफुसत होता. "मशीनचं उष्टं मी निस्तरू?"

"दारं घासताना उष्टं-ताजं आठवलं नाही ते?" इन्शिराह म्हणाली. तो झपाझप पुढे चालू लागला. मग वळून म्हणाला, "त्याची पटाशी फार वाईट होती. माझ्या घेऊन जाईन."

आता तो चार दिवस वाइलकडे जातो. जुन्या मालकाचा कारखाना गेल्या वर्षी बंदच झाला. हिवाळ्यात दोन दिवस दारं असतात. सगळं मिळून पूर्वीच्या पाऊण हिश्श्यावर आलं आहे, आणि भाव तर थांबलेले नाहीत. मनारचं लग्न ठरलं तर तिच्या सामानाचं काय, हा प्रश्न माझ्यासमोर तरी कुणी काढत नाही.

मागच्या महिन्यात इन्शिराहनं वाइलला विचारलं, जुनं वापरलेलं मशीन कितीला पडतं? त्यानं हसत आकडा सांगितला. दोन दिवस ती माझ्याकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "अब्ला, आपल्या जिन्यात भिशी लावली तर किती बायका निघतील?"

मी बोटांवर नावं घेऊ लागले. तेवढ्यात वरून उम्म ताहा ओरडली, "मी आहे! पण पहिला नंबर कुणाचा?"

"तुझा," इन्शिराहनं वर बघून सांगितलं. "मला शेवटचा चालेल. मला अजून पुष्कळ विचारायचं आहे."